शाई वाचविणारे सॉफ्टवेअर : घेण्यापूर्वी काय पहावे?

कागद, प्लेटा, शाई, वीज आणि पगार ही छापखान्याच्या खर्चाची मोठी खाती होत. कागदाचा भाव आपल्या हाती नसतो, विजेचा दर तर नाहीच. आणि कामगाराच्या पगारात काटकसर करणे हे योग्यही नव्हे आणि परवडणारेही नव्हे. म्हणून काटकसरीचा विचार सुरू झाला की मालकाची नजर शाईच्या डब्यांकडे वळते. नेमके याच ठिकाणी शाई वाचविणारी रंग-व्यवस्थापन सॉफ्टवेअरे विकणारे येतात. “शाईत इतके टक्के बचत, रंग मात्र तोच” असे त्यांच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापलेले असते.

ही सॉफ्टवेअरे खोटी नाहीत. त्यांच्यामागचे शास्त्र पक्के आहे. परंतु सॉफ्टवेअर, रंगमोजणीचे यंत्र आणि शिक्षण यांचा एकत्रित खर्च सहज लाखाच्या घरात जातो. कर्ज काढून मशीन घेतलेल्या लहान छापखान्याने ही रक्कम भलत्या जागी घातली, तर पुढचे कितीतरी हप्ते अडचणीत येतात. म्हणून ही बचत होते कशी, ती कोणाला लाभते आणि निवड करताना काय तपासावे, याची माहिती छापखान्यात काम करणाऱ्या सभासदांना व मुद्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना व्हावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

शाई वाचते कशी?

चाररंगी छपाईत सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शायांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी व एकमेकांवर पडतात आणि त्यांतून डोळ्याला हजारो रंग दिसतात. पहिल्या तीन शाया सारख्या प्रमाणात एकत्र आल्या की राखाडी रंग दिसावा, असे पुस्तक सांगते. प्रत्यक्षात शाया पूर्ण शुद्ध नसल्याने सायन थोडी जास्त लागते. चांगल्या आर्ट पेपरवर सायन ५०, मॅजेंटा ४० आणि पिवळा ४० टक्के ठिपक्यांतून जो राखाडी मिळतो, तो काळ्या शाईच्या साधारण ५० टक्के ठिपक्यासारखाच दिसतो. एकीकडे तीन शायांची बेरीज १३० आणि दुसरीकडे एकट्या काळ्याचे ५०. बचतीचे सारे रहस्य या दोन आकड्यांतील फरकात आहे.

असा राखाडी भाग बहुतेक मिश्र रंगांत दडलेला असतो. समजा, एका तपकिरी रंगात सायन ६०, मॅजेंटा ७० आणि पिवळा ८० टक्के आहे. बेरीज झाली २१०. यातून तिन्ही शायांचे ४०-४० टक्के काढून त्याजागी काळा ४० टक्के घातला, तर सायन २०, मॅजेंटा ३०, पिवळा ४० आणि काळा ४० उरतो. बेरीज झाली १३०. हा केवळ समजुतीसाठी केलेला ढोबळ हिशेब आहे. खरे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष मोजणीच्या आधारे हे प्रमाण ठरविते. पण तत्त्व हेच. या पद्धतीला जीसीआर म्हणतात. फक्त गडद व राखाडी भागांतूनच रंगीत शाई काढली, तर त्या मर्यादित पद्धतीला यूसीआर म्हणतात. १९८० च्या दशकात ड्रम स्कॅनरवर रंगविभाजन होत असे, तेव्हाही ही युक्ती वापरात होती. नवे आहे ते एवढेच की, ग्राहकाने दिलेल्या तयार फाइलवर हे काम आता आपोआप करता येते.

याला जोडून दुसरी गोष्ट म्हणजे एका जागी पडणाऱ्या एकूण शाईची मर्यादा. चारही शाया पूर्ण पडल्या तर बेरीज ४०० होते. इतकी शाई कोणताही कागद नीट पेलत नाही. चांगल्या आर्ट पेपरवर ३०० ते ३३०, तर वृत्तपत्राच्या कागदावर २२० ते २४० च्या आसपास ही मर्यादा ठेवतात.

रंग-व्यवस्थापन म्हणजे काय?

एकच फाइल दोन मशीनवर छापली तर रंग वेगळे दिसतात, हा प्रत्येकाचा अनुभव आहे. म्हणून प्रत्येक मशीन, शाई आणि कागद यांच्या जोडणीचे एक ओळखपत्र तयार करतात. त्याला प्रोफाइल म्हणतात. या मशीनवर अमुक ठिपका दिला तर प्रत्यक्षात अमुक रंग मिळतो, अशी नोंद त्यात असते. ही प्रोफाइले सर्व कंपन्यांच्या संगणकांना व यंत्रांना सारखीच वाचता यावीत, म्हणून १९९३ साली काही प्रमुख कंपन्यांनी एकत्र येऊन आयसीसी ही संस्था स्थापन केली. प्रोफाइल तयार करण्यासाठी रंगीत चौकोनांचा तक्ता आपल्या मशीनवर छापून स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजतात. आयटी ८.७/४ नावाच्या प्रचलित तक्त्यात असे १६१७ चौकोन असतात.

येथे एक महत्त्वाचा भेद विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावा. साध्या पद्धतीने चाररंगी फाइल एका प्रोफाइलमधून दुसऱ्या प्रोफाइलमध्ये नेली, तर मधल्या टप्प्यात ‘हा रंग केवळ काळ्या शाईचा होता’ ही माहितीच हरवते. परिणामी निव्वळ काळ्या शाईतील मजकूर चार रंगांत फुटतो, आणि रजिस्टर जरासे हलले तरी अक्षरांच्या कडेला रंगीत झालर दिसते. यावर उपाय म्हणजे डिव्हाइस लिंक प्रोफाइल. ते चाररंगी फाइलमधून थेट चाररंगी फाइलमध्ये जाते, आणि काळा तो काळा, शुद्ध पिवळा तो शुद्ध पिवळा असे जपता येते. आलवान, जीएमजी, सीजीएस, कलरलॉजिक यांसारख्या कंपन्यांनी शाई वाचविणारी सॉफ्टवेअरे बाजारात आणली आहेत. कंपनी कोणतीही असो, काळा मजकूर काळाच राहतो काय, हा पहिला प्रश्न विचारावा.

पैशाचा हिशेब

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. बचतीची टक्केवारी ऐकून हुरळून जाण्यापूर्वी ती कशाची टक्केवारी आहे, हे पहावयास हवे. पुढील उदाहरणातील भाव हिशेबाच्या सोयीसाठी धरले आहेत. वाचकांनी त्याजागी आपल्या बिलावरचे भाव घालावेत.

ऑफसेट छपाईत शाईचा थर साधारण एक मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे एक चौरस मीटर जागा एका शाईने भरगच्च छापण्यास सुमारे १ ग्रॅम शाई लागते. २० × ३० इंची कागदाचे क्षेत्रफळ ०.३८७ चौरस मीटर आहे. कॅलेंडरचे चित्र त्यावर एका बाजूस छापावयाचे असून चारही शायांची सरासरी बेरीज १२० टक्के आहे असे धरू. मग एका कागदास सुमारे ०.४६ ग्रॅम आणि १०,००० कागदांस सुमारे ४.६ किलो शाई लागेल. शाई ५०० रुपये किलो धरली तर खर्च झाला २,३०० रुपये.

याच कामाचा कागद पाहू. १३० जीएसएमच्या अशा एका कागदाचे वजन सुमारे ५० ग्रॅम. १०,००० कागद म्हणजे ५०० किलो. १०० रुपये किलो भाव धरला तर कागदाचा खर्च ५०,००० रुपये. शाईचा खर्च कागदाच्या खर्चाच्या पाच टक्क्यांहूनही कमी!

सॉफ्टवेअरने या शाईत निव्वळ २० टक्के बचत केली, तर वाचले ४६० रुपये. कागदाचा एक ताव पाच रुपयांचा. म्हणजे या सर्व खटाटोपातून ९२ कागदांची किंमत वाचली. मशीन लावताना रजिस्टर व रंग जुळेपर्यंत जे कागद वाया जातात, त्यांत शंभर कागदांची काटकसर केली तरी तेवढीच बचत होते, आणि तिला कोणतेही सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. हा हिशेब प्रत्येक मालकाने एकदा तरी कागदावर मांडून पहावा.

आता महिन्याचा हिशेब करू. एका लहान छापखान्यात महिन्याला ४० किलो शाई लागते. ५०० रुपये भावाने २०,००० रुपये झाले. यातील निम्मी शाई चित्रांच्या कामाला आणि निम्मी मजकूर, पट्टे व खास रंगांना जाते असे समजू. बचत फक्त चित्रांतच होणार. मजकुरात व खास रंगात नाही. तेव्हा १०,००० रुपयांवर १५ टक्के म्हणजे महिना १,५०० रुपये वाचतील. सॉफ्टवेअर व मोजणीयंत्र मिळून दीड लाख रुपये लागले, तर रक्कम वसूल होण्यास १०० महिने, म्हणजे आठ वर्षांहून अधिक काळ जाईल. तोपर्यंत संगणक बदललेला असेल आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्तीही घ्यावी लागली असेल.

याउलट मासिके व कॅटलॉग छापणाऱ्या मोठ्या छापखान्यात महिन्याला ५०० किलो शाई लागत असेल, तर खर्च अडीच लाख रुपये. त्यातील पाऊण भाग चित्रांचा धरला तर १,८७,५०० रुपयांवर १५ टक्के, म्हणजे महिना सुमारे २८,००० रुपये वाचतील. तेच दीड लाख सहा महिन्यांच्या आत वसूल होतात. सॉफ्टवेअर तेच, टक्केवारी तीच. परंतु एकाला ते तारक आणि दुसऱ्याला मारक ठरते.

डिजिटल मशीनवाल्यांनी आणखी एक गोष्ट पहावी. मशीन कंपनीशी दर पानामागे ठराविक आकार देण्याचा करार असेल आणि टोनर त्यातच धरलेला असेल, तर टोनर कितीही वाचला तरी आपले बिल तेवढेच येणार. ती बचत करार करणाऱ्या कंपनीच्या खात्यात जाते.

शाईपलीकडचे लाभ

मग या सॉफ्टवेअरचा उपयोग फक्त मोठ्यांनाच काय? तसेही नाही. याचे काही लाभ शाईच्या डब्यात दिसत नाहीत, परंतु कामात दिसतात.

पहिला लाभ स्थिरतेचा. राखाडी रंग तीन शायांतून बनविला असेल, तर मशीनवर सायन जरासा वाढला की राखाडी निळसर होतो, मॅजेंटा वाढला की लालसर. तोच राखाडी बराचसा काळ्या शाईतून आला, तर त्यात असा रंगफेर होण्यास फारसा वाव राहत नाही. दहा हजार प्रतींतील पहिली आणि शेवटची प्रत सारखी येते.

दुसरा लाभ सुकण्याचा. एकूण शाई कमी पडली की कागद लवकर सुकतो, एका तावाची शाई दुसऱ्याच्या पाठीला लागत नाही, स्प्रे पावडर कमी लागते आणि दुसरी बाजू लवकर छापता येते. मुंबई व कोकणात पावसाळ्याच्या दमट हवेत सुकण्याची वाट पाहत काम किती खोळंबते, हे छापखानेवाल्यांना सांगावयास नको.

पण दुसरी बाजूही पहावी. ग्राहक मशीनजवळ उभा राहून “थोडं लाल वाढवा” म्हणतो, तेव्हा मशीनमन मॅजेंटाची चावी वाढवतो. ज्या चित्रातून रंगीत शाई काढून काळा घातला आहे, तेथे चावी फिरवून पूर्वीइतका फरक पडत नाही. शिवाय काळी शाई जास्त झाली तर सगळेच चित्र काळवंडते. तेव्हा मशीनमनला विश्वासात घेतल्याशिवाय हा बदल करू नये. काळ्याची घनता डेन्सिटोमीटरने सतत तपासण्याची सवय त्याला आधी लागली पाहिजे.

चेहऱ्यांचा प्रश्न

या विषयात सर्वांत जपून पहावयाची गोष्ट म्हणजे माणसांचे चेहरे. गोऱ्या कातडीच्या छायाचित्रात सायन फार थोडा असतो. त्यामुळे तेथून काढण्याजोगा राखाडी भागही थोडाच, आणि काळा जवळजवळ पडतच नाही. आपल्याकडील गव्हाळ, सावळ्या व काळ्या वर्णाच्या चेहऱ्यांत सायनचे प्रमाण जास्त असते. सॉफ्टवेअरचा जोर वाढविला की नेमका हाच सायन जातो आणि गालांवर, कपाळावर काळे ठिपके उमटतात. चेहरा खरखरीत व मळकट दिसू लागतो.

माहितीपत्रकातील नमुना चित्रांत गोरा चेहरा, फळांची टोपली आणि चकाकती मोटार असेल, तर हा दोष त्यात दिसणारच नाही. परंतु आपल्या छापखान्यात येणारी कामे कोणती? लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, कार्यकर्त्यांचे सत्काराचे फलक, दिवंगत आईवडिलांच्या स्मृतीची पत्रके. त्यांत चेहरा हेच मुख्य. वडिलांचा एकुलता एक फोटो घेऊन आलेल्या ग्राहकाला शाईचे पाच रुपये वाचले हे सांगून उपयोग नाही. तो वडिलांचा चेहरा पाहतो. म्हणून चेहऱ्याच्या फिक्या व मध्यम छटांत काळा पडू न देण्याची सोय ज्यात नाही, ते सॉफ्टवेअर आपल्या कामाचे नाही असे समजावे.

निवड करताना काय विचारावे?

विक्रेत्याला पुढील प्रश्न विचारून त्यांची उत्तरे लेखी घ्यावीत.

१) ग्राहकाची पीडीएफ फाइल जशी आली तशी घेता येते काय? मजकूर, रेषा, ओव्हरप्रिंट आणि खास रंग जसेच्या तसे राहतात काय?

२) बचतीचा जोर कमी-जास्त करता येतो काय? काळा कोणत्या छटेपासून सुरू व्हावा, हे आपण ठरवू शकतो काय?

३) वेगवेगळ्या कागदांसाठी वेगवेगळी प्रोफाइले ठेवता येतात काय? आर्ट पेपरचे प्रोफाइल मॅपलिथोला चालत नाही.

४) आपल्या प्लेट बनविण्याच्या पद्धतीत ते कोठे बसते? प्लेटा बाहेरून करून घेत असाल, तर ही सोय तेथेच आहे काय? तशी असल्यास वेगळे सॉफ्टवेअर घेण्याचे कारणच उरत नाही.

५) एकदाच पैसे द्यावयाचे की दरवर्षी? संगणक बिघडल्यास परवाना दुसऱ्या संगणकावर नेता येतो काय? शिक्षण कोण देणार आणि किती दिवस?

६) रंगातील फरक किती येतो? हे अंतर डेल्टा ई या आकड्याने सांगतात. १ च्या आसपासचा फरक सरावलेल्या डोळ्यालाही जेमतेम कळतो. मात्र हा आकडा कोणत्या सूत्राने काढला, हेही विचारावे. १९७६ चे सूत्र आणि २००० चे सूत्र एकाच फरकाला वेगळे आकडे देतात.

आपल्या मशीनवर चाचणी

उत्तरे समाधानकारक मिळाली तरी चाचणीशिवाय पैसे देऊ नयेत. विक्रेत्याच्या फाइली नकोत. आपलीच चार जुनी कामे द्यावीत. एक सावळ्या चेहऱ्याचे, एक राखाडी छटांचे, एक गडद पार्श्वभूमीचे आणि एक बारीक काळ्या मजकुराचे. प्रत्येकाची मूळ व बदललेली प्रत शक्यतो एकाच प्लेटवर शेजारी शेजारी ठेवून छापावी, म्हणजे मशीनच्या फरकाचा दोष सॉफ्टवेअरवर जाणार नाही. छापलेले कागद पूर्ण सुकल्यावर दिवसाच्या उजेडात आणि ट्यूबलाइटखालीही पहावेत. कोणती प्रत कोणती हे न सांगता मशीनमन, डिझायनर आणि एखादा ग्राहक यांना निवड करू द्यावी.

दिसण्याची परीक्षा पार पडली की वजनाची परीक्षा घ्यावी. शे-पाचशे कागदांत शाईचा फरक कळत नाही. वर सांगितलेल्या कॅलेंडरचे ५,००० कागद जुन्या प्लेटांवर आणि ५,००० नव्या प्लेटांवर छापले, तर २० टक्के बचतीचा फरक साडेचारशे ग्रॅमच्या आसपास यावा. दोन्ही वेळा शाईदाणीतील उरलेली शाई काढून डबे तोलावेत. चारही रंगांचा हिशेब वेगवेगळा ठेवावा, कारण काळी शाई वाढलेली असणारच. तराजू सांगेल तीच खरी टक्केवारी.

ही चाचणी घेण्यापूर्वी मशीन ताळ्यावर असणे अत्यावश्यक आहे. रोलर झिजलेले, ब्लँकेट बसलेले आणि पाण्याचे प्रमाण रोज वेगळे असेल, तर आज मोजलेले प्रोफाइल उद्या खोटे ठरते. डळमळीत मशीनवर कोणतेही सॉफ्टवेअर शाई वाचवू शकत नाही.

लहान छापखान्याने काय करावे?

ज्यांचा हिशेब वर सांगितल्याप्रमाणे आठ वर्षांवर जातो, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. बरेचसे काम पैसे न घालताही होते. युरोपियन कलर इनिशिएटिव्ह या संस्थेची प्रमाण प्रोफाइले विनामूल्य मिळतात. त्यांत आर्ट पेपरसाठी एकूण शाई ३०० टक्क्यांवर राखणारेही आहे. डिझायनरने चित्र चाररंगी करताना योग्य प्रोफाइल निवडले, तरी गडद भागांतील अनावश्यक शाई तेथेच कमी होते. फोटोशॉपमध्ये चाररंगी विभाजनाचे आकडे स्वतः ठरविण्याची सोय आहे. तेथे जीसीआर हलका, मध्यम, भारी असे पर्याय आणि एकूण शाईची मर्यादा देता येते. चेहऱ्यांच्या कामाला हलका, यंत्रसामग्रीच्या कॅटलॉगला मध्यम, असा विवेक ठेवावा. ज्यांना अधिक खोलात जाऊन शिकावयाचे आहे, त्यांच्यासाठी आर्गिल सीएमएस हे विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. त्यातून प्रोफाइल आणि डिव्हाइस लिंक दोन्ही बनविता येतात. मात्र ते आज्ञा टंकून चालवावे लागते आणि मोजणीयंत्र लागतेच.

विद्यार्थी मित्रांना येथे एक चांगली संधी आहे. डीटीपी येणारे तरुण पुष्कळ आहेत; पण ठिपका, घनता, प्रोफाइल आणि एकूण शाई समजून फाइल तयार करणारे थोडे आहेत. मुंबईची शासकीय मुद्रण तंत्रज्ञान संस्था मुद्रण शिक्षणासाठी ओळखली जाते. तेथे जाणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी जवळच्या छापखान्यात मशीनमनच्या शेजारी उभे राहून शिकावे. जो मुलगा वा मुलगी मालकाला बचतीचा वरील हिशेब कागदावर मांडून दाखवील, ‘हे सॉफ्टवेअर आपल्याला नको’ किंवा ‘हे आपण घेतलेच पाहिजे’ असे आकड्यांनिशी सांगू शकेल, त्याला त्या छापखान्यात मान मिळाल्याशिवाय राहणार नाही.

तात्पर्य, सॉफ्टवेअर निवडण्याचा क्रम असा असावा : आधी मशीन ताळ्यावर आणावे, मग वाया जाणारे कागद मोजावेत, मग महिन्याच्या शाईचा हिशेब करावा, मग आपल्याच कामांवर चाचणी घ्यावी आणि सर्वांत शेवटी किंमत विचारावी.